काळे कपडे, पांढरे चेहरे

मंडळी, या वीकेंडचा विषय जरा काळा आहे. म्हणजे अक्षरशः काळा. काळे कपडे, काळं नेलपॉलिश, डोळ्यांभोवती पसरलेलं काजळ आणि चेहरा मात्र पिठाच्या गिरणीतून नुकताच बाहेर पडल्यासारखा पांढराफटक. गॉथ! असा कुणी आपल्या लोकलमध्ये चढला तर अख्खा डबा वळून बघेल. आपल्याकडे काळ्याला मान संक्रांतीपुरता. तेवढी चंद्रकळा सोडली तर लग्नाकार्यात काळं घालून गेलेल्याकडे बघून कुणीतरी मावशी नाक मुरडतेच. मग हौसेने रोज काळं घालणारे हे लोक आले कुठून?

आधी शब्दाकडे बघू, कारण तिथेच खरी गंमत आहे. गॉथ ही मूळची युरोपातली टोळी. इ.स. ४१० मध्ये त्यांच्यातल्या व्हिसिगॉथांनी रोम लुटलं. पुढे अकराएकशे वर्षांनी जॉर्जो वासारी या इटालियन चित्रकार-लेखकाने मध्ययुगीन उंच कमानीवाल्या इमारतींचं खापर गॉथांवर फोडलं. भाव असा, की कुठल्या रानटी लोकांनी बांधलंय हे! म्हणजे शब्द शिवी म्हणूनच कामाला लागला. १७६४ मध्ये होरेस वॉलपोलने 'द कॅसल ऑफ ओट्रँटो' ही कादंबरी लिहिली आणि दुसऱ्या आवृत्तीला 'गॉथिक कथा' असं उपशीर्षक दिलं. पडका किल्ला, शाप, भुतं... नारायण धारप वाचून वाढलेल्यांना वेगळं सांगायला नको. एकोणिसाव्या शतकात त्याच कमानी इंग्रजांच्या फॅशनमध्ये परत आल्या आणि बोटीत बसून मुंबईला पोचल्या. राजाबाई टॉवर (१८७८) आणि आपलं व्हीटी, म्हणजे आताचं सीएसएमटी, ही त्याच घराण्यातली. तेव्हा भिंतीवरच्या त्या दगडी प्राण्यांखालून रोज लोकल पकडायला धावणारे आपण सगळे गॉथिकचे जुने गिऱ्हाईक आहोत.

आता संगीत. १९७६ ची लंडन. पंक नुकतं पेटलं होतं. तीन कॉर्ड येत असतील तर बँड काढा, एवढीच पात्रता. त्या वर्षी २० सप्टेंबरला १०० क्लबमध्ये सूझी अँड द बॅनशीज पहिल्यांदा स्टेजवर आले ते एकही गाणं न बसवता. दोनेक वर्षांत पंकचा राग थोडा निवला आणि काहींच्या लक्षात आलं की आरडाओरड्यापेक्षा शांतता जास्त भीतिदायक असते. मग गिटार लांबून, विहिरीतून आल्यासारखी वाजायला लागली, बास पुढे आला, ड्रम्स आदिवासी ढोलांसारखे घुमू लागले. मँचेस्टरच्या जॉय डिव्हिजनचा निर्माता मार्टिन हॅनेट एकेका ड्रमचा आवाज वेगळा काढून रिकाम्या हॉलमध्ये वाजल्यासारखा करायचा. 'गॉथिक' हा शब्द या संगीताला चिकटू लागला तो १९७९ च्या सुमारास.

त्याच वर्षी जानेवारीत नॉर्थॅम्प्टनच्या चार पोरांनी, म्हणजे बाउहाउसने, 'बेला लुगोसीज डेड' रेकॉर्ड केलं. नऊ मिनिटांहून मोठं गाणं आणि गायक तोंड उघडतो तेच मुळी जवळजवळ तीन मिनिटांनी! बेला लुगोसी हा १९३१ च्या सिनेमातला ड्रॅक्युला. १९५६ मध्ये वारला तेव्हा त्याला ड्रॅक्युलाच्या झग्यातच पुरलं होतं. हे गाणं म्हणजे या पंथाची गणेशवंदना असं धरून चाला.

इंजिनिअर म्हणून माझा लाडका बँड मात्र लीड्सचा, सिस्टर्स ऑफ मर्सी. का? त्यांचा ड्रमर यंत्र आहे. नाव 'डॉक्टर अॅव्हलांच'. १९८० पासून माणसं आली, भांडली, गेली. गायक अँड्र्यू एल्ड्रिच सोडला तर टिकून राहिलेला एकच मेंबर म्हणजे हे डॉक्टरसाहेब. हार्डवेअर अनेकदा बदललं, पण नाव तेच. अपग्रेड म्हणतात तो हा! आणि अजून मजा म्हणजे, आपण गॉथ आहोत हे एल्ड्रिच आजवर मानायलाच तयार नाही. क्युअरचा रॉबर्ट स्मिथही नाही. जगातल्या सगळ्यात मोठ्या गॉथांची पहिली खूण हीच, की ते गॉथ नाहीत म्हणतात. शिवी म्हणून निघालेला शब्द, कोण आपणहून अंगाला लावून घेईल?

पण श्रोत्यांनी घेतला. जुलै १९८२ मध्ये लंडनच्या सोहोमध्ये बॅटकेव्ह नावाचा क्लब सुरू झाला. त्यामागे होता स्पेसिमेन बँडचा ऑली विज्डम. कपड्यांची नियमावली बरीचशी इथेच ठरली: फाटक्या जाळीचे मोजे, विंचरून उभे केलेले केस, लिपस्टिक बायांनी आणि बाप्यांनीही. (हाच ऑली पुढे 'स्पेस ट्राइब' नावाने गोवा ट्रान्सवाल्यांचा लाडका झाला आणि भडक रंगांत न्हाऊन निघाला. वटवाघळांच्या गुहेतून निघालेला माणूस थेट फ्लुरोसंटमध्ये!)

इथून पुढे फाटे फुटायला लागतात. लिनक्सची जेवढी डिस्ट्रो तेवढे गॉथचे प्रकार, आणि भांडणंही तशीच, की 'आमचंच खरं'. जुन्या वळणाचे ते ट्रॅड गॉथ. लॉस एंजेलिसचे डेथरॉकवाले, त्यांचा बँड ख्रिश्चन डेथ. फील्ड्स ऑफ द नेफिलिमच्या मागे जाणारे काउबॉय गॉथ. तो बँड कपड्यांवर चक्क पीठ उधळायचा, धुळीचा लुक यावा म्हणून. व्हिक्टोरियन गॉथ झालरींचे झगे घालतात. त्यांची आद्य गुरू खुद्द राणी व्हिक्टोरिया म्हणावी लागेल. १८६१ मध्ये नवरा गेला आणि त्यानंतर १९०१ मध्ये स्वतः जाईपर्यंत ती सुतकाच्या काळ्या कपड्यांत राहिली. जपानमध्ये मलिस मिझेर बँडच्या मानाने १९९९ मध्ये स्वतःचा कपड्यांचा ब्रँड काढला आणि बाहुलीसारखी गॉथिक लोलिता घरोघरी पोचवली. सायबरगॉथ तर चमकत्या नळ्या केसांत बांधून इलेक्ट्रॉनिक संगीतावर नाचतात. आणि आपल्या जातीचे म्हणजे कॉर्पोरेट गॉथ: आठवडाभर फॉर्मल, फक्त सगळं काळं. ऑफिसात कुणाला पत्ता लागत नाही.

बर्लिनच्या भिंतीपलीकडे हा प्रकार इतका गमतीचा नव्हता. पूर्व जर्मनीत गॉथांना 'ग्रुफ्टी' म्हणत, म्हणजे साधारण 'थडग्यातले'. पंकांच्या जोडीला यांच्यावरही श्टाझी या गुप्त पोलिसांचा डोळा असे. एखाद्या सरकारला विंचरून उभ्या केलेल्या केसांची भीती वाटावी, ही कल्पनाच मला भारी वाटते. भिंत पडली आणि १९९२ मध्ये लाइपझिगला वेव्ह-गोटिक-ट्रेफेन ही जत्रा सुरू झाली. पहिल्या वर्षी दोनेक हजार लोक होते. पुढे हा आकडा वीस हजारांच्या आसपास गेला. इंग्लंडमध्ये १९९४ पासून व्हिटबी या समुद्रकाठच्या गावात असाच मेळा भरू लागला. व्हिटबीच का? १८९७ च्या कादंबरीत ड्रॅक्युलाचं जहाज याच किनाऱ्याला लागतं. शिवाय सुतकातले दागिने ज्या काळ्या जेटपासून बनत तो याच किनाऱ्यावर मिळतो. याहून जुळणारी कुंडली कुठली?

इथवर सगळं हसतखेळत झालं. आता दुसरी बाजू.

११ ऑगस्ट २००७ ची रात्र, लँकेशरमधलं बेकप हे छोटं गाव. सोफी लँकेस्टर ही २० वर्षांची मुलगी आणि तिचा मित्र रॉबर्ट तिथल्या बागेतून जात होते. दोघांचा वेश गॉथांचा. बागेत गावातल्या पोरांचं टोळकं होतं. आधी गप्पा झाल्या आणि मग त्यांनी अचानक रॉबर्टला तुडवायला सुरुवात केली. सोफीने त्याचं डोकं मांडीवर घेतलं, सोडा म्हणून विनवलं. मग त्यांनी तिलाही तुडवलं. रॉबर्ट वाचला. सोफी २४ ऑगस्टला गेली. कारण काय? काही नाही. दिसायला वेगळी होती, बस. २००८ मध्ये दोघा पोरांना खुनाबद्दल जन्मठेप झाली आणि न्यायाधीशांनी याला सरळ द्वेषातून झालेला गुन्हा म्हटलं.

तिची आई, सिल्व्हिया, गप्प बसली नाही. मुलीच्या नावाने संस्था काढून ती शाळाशाळांत जाऊन बोलत राहिली. एप्रिल २०१३ पासून ग्रेटर मँचेस्टर पोलिसांनी गॉथ, पंक अशा लोकांवरचे हल्ले धर्म-वंशावरून होणाऱ्या हल्ल्यांसारखेच द्वेषगुन्हे म्हणून नोंदवायला सुरुवात केली. त्याने शिक्षा आपोआप वाढत नव्हती. पण नोंद झाली, आणि डेटाबेसात रकानाच नसेल तर ती गोष्ट जगात घडतच नाही, हे आपल्या धंद्यातल्या माणसाला तरी सांगायला नको. सिल्व्हिया २०२२ मध्ये गेली.

मला यात सगळ्यात खटकतं ते हे, की भीती उलट्या दिशेने वाहते. रस्त्यावरचा माणूस काळ्या कपड्यांना बिचकतो. १९९९ मध्ये अमेरिकेत कोलंबाइनच्या शाळेत गोळीबार झाल्यावरही पेपरांनी पहिलं बोट गॉथांकडेच दाखवलं, आणि ते दोघे खुनी गॉथ नव्हतेच हे नंतर स्पष्ट झालं. इकडे हे लोक काय करतात? मरणाचं भय गाण्यात घालतात, चेहऱ्यावर रंगवतात आणि त्याच्यासोबत नाचतात. बागेतल्या त्या पोरांच्या अंगावर मात्र तुमच्या-माझ्यासारखेच साधे कपडे होते.

असो. व्हिटबीत समुद्राकडे तोंड करून एक बाक आहे, सोफीच्या नावाचा. मेळ्याला आलेले लोक तिथे थांबतात, फुलं ठेवतात. झालरी, उंच टोप्या, काळे पंखे, सगळा जामानिमा करून.