जिरेतुर्क आणि माकापाव

फराळाला बसल्यावर दुसऱ्याच्या ताटाकडे पाहून नाक मुरडू नये, ही आपल्या घराघरांतली शिकवण. परंतु दुसऱ्याच्या अन्नावरून त्याला नावे ठेवण्यात जगातला कोणताच समाज मागे नाही.

जर्मन भाषेत 'क्युमेलट्युर्के' असा एक शब्द आहे. क्युमेल म्हणजे शहाजिरे, ट्युर्के म्हणजे तुर्क. ऐकणाऱ्याला वाटावे की तो तुर्कांसाठीच घडविला असेल. पण अठराव्या शतकाच्या अखेरीस तो निघाला, तेव्हा तुर्कांशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. हाल्ले शहराभोवती शहाजिऱ्याची शेती होई. रुक्ष, कंटाळवाण्या मुलखाला विद्यार्थी थट्टेने 'तुर्कस्तान' म्हणत. म्हणून त्या खेड्यांतून विद्यापीठात आलेली मुले 'जिरेतुर्क' ठरली! पुढे त्याचा अर्थ 'कूपमंडूक' असा झाला. १९६१ साली पश्चिम जर्मनीने करार करून तुर्कस्तानातून कामगार आणले, आणि ही जुनी थट्टा शिवी होऊन त्यांच्या माथी बसली.

आपल्याकडेही असा शब्द आहे. मुंबईत गोव्याच्या ख्रिस्ती लोकांना 'माकापाव' म्हणून हिणवीत. कोकणीत 'माका' म्हणजे 'मला'. 'मला पाव', एवढाच त्याचा अर्थ! पाव हा पदार्थ आणि शब्द, दोन्ही पोर्तुगीजांबरोबर आले. गोव्याच्या पोदेरांनी माडाच्या ताडीने पीठ आंबवून तो भाजला. पुढे गोव्याचीच माणसे मुंबईच्या भट्ट्यांपुढे राबली. पाव खाल्ला की माणूस बाटला, असे मानणारी घरे तेव्हा महाराष्ट्रात होती. आज मिसळ आणि बटाटेवडा त्याच पावावाचून अडतात.

आपल्या चामोर्शीकडे हे सांगण्याला कारण आहे. १९६०नंतरच्या दशकात पूर्व पाकिस्तानातून आलेली बंगाली निर्वासित कुटुंबे चामोर्शी-मुलचेरा भागात वसविली गेली. भात आणि मासळी हे त्यांचे अन्न. वैनगंगेकाठच्या कितीतरी घरांचेही तेच. तरी बोलीतला, फोडणीतला फरक मुलांच्या कानाला, नाकाला लगेच कळतो, आणि टोपणनाव पडायला तेवढे पुरते. थट्टेतला शब्द हाल्लेच्या शब्दासारखा पडून राहतो व पुढे कोणाला लागेल, हे सांगता येत नाही.

दिवाळीच्या अवसेलाच त्यांच्याकडे कालीपूजा असते. त्या रात्री आपले फराळाचे ताट त्यांच्या घरी जावे, आणि परतताना त्यातून जे येईल ते मुलांनी नावे न ठेवता खावे.