राज्यातले दुसरे शहर कोणते? एका सोप्या प्रश्नाचा गुंतागुंतीचा इतिहास

महाराष्ट्रातील सर्वाधिक लोकसंख्येची पाच शहरे क्रमाने सांगा. स्पर्धा परीक्षांच्या वर्गांत, गणेशोत्सवातल्या प्रश्नमंजूषेत, लांबच्या रेल्वेप्रवासात हा प्रश्न हमखास विचारला जातो. पहिले नाव कोणी चुकत नाही. दुसरे पुणे, तिसरे नागपूर, हेही बहुतेकांना येते. चौथ्या नावाशी थोडा विराम पडतो आणि मग नाशिक, सोलापूर, औरंगाबाद अशी उत्तरे येऊ लागतात. २०११ च्या जनगणनेनुसार महापालिका हद्दीतील चौथे शहर ठाणे होते आणि पाचवे पिंपरी-चिंचवड. नाशिक सहावे. सोलापूर अकरावे.

चुकलेल्यांनी मनाला लावून घेण्याचे कारण नाही. त्यांतली काही उत्तरे एके काळी अगदी बरोबर होती. काही तर आजही, मोजण्याची पद्धत बदलली की बऱ्याच अंशी खरी ठरतात.

प्रथम ‘राज्य’ या शब्दाकडे पाहू. १८८१ साली ब्रिटिश हिंदुस्थानात पहिली एककालिक जनगणना झाली, तेव्हा मुंबई इलाख्यातील मोठी शहरे कोणती असे विचारले असते, तर मुंबईखालोखाल पुणे, अहमदाबाद, सुरत आणि कराची ही नावे घ्यावी लागली असती. सिंध १९३६ पर्यंत मुंबईलाच जोडलेला होता. नागपूर मध्य प्रांतात होते आणि औरंगाबाद निजामाच्या राज्यात. स्वातंत्र्यानंतर १९५१ ची गणना झाली तेव्हाही मुंबई राज्यातील दुसरे शहर पुणे नव्हते. तो मान सुमारे आठ लाख वस्तीच्या अहमदाबादचा होता. पुणे तिसरे, सोलापूर चौथे. साडेचार लाखांचे नागपूर त्या वेळी मध्य प्रदेशाची राजधानी आणि त्या राज्यातील सर्वांत मोठे शहर होते. १९५६ मध्ये राज्यपुनर्रचना झाली आणि नागपूर द्वैभाषिक मुंबई राज्यात आले. त्याची राजधानी गेली, ‘राज्यातील सर्वांत मोठे’ ही ओळखही गेली. नागपूर कराराची मागणी आणि पुढे दरवर्षी तेथे भरणारे विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन यांच्यामागे हे दुहेरी नुकसान होते, हे विसरून चालत नाही.

मुंबईच्या पहिल्या क्रमांकाला दीडशे वर्षांत कोणी आव्हान दिले नाही. पण तिचा आकडा मात्र सरळ रेषेत कधीच वाढला नाही. १८६४ च्या मोजणीत तो ८ लाख १६ हजारांवर होता. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले होते, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि मुंबईच्या बंदरात पैसा अक्षरशः वाहत होता. युद्ध संपले, १८६५ मध्ये शेअरबाजार कोसळला, आणि १८७२ च्या गणनेत शहराची लोकसंख्या ६ लाख ४४ हजार भरली. १८६४ चा आकडा पुन्हा ओलांडण्यासाठी १८९१ साल उजाडावे लागले. त्यानंतर पाचच वर्षांत मांडवीत प्लेग उद्भवला. १९०१ च्या गणनेत मुंबई पुन्हा घटून ७ लाख ७६ हजारांवर आलेली दिसते. ही घट केवळ मृत्यूंमुळे नव्हती. लोक गावी पळाले होते. १९०६ मध्ये शहराची वेगळी मोजणी झाली तेव्हा आकडा पावणेदहा लाखांच्या पुढे गेला होता. जनगणना एका रात्रीचे चित्र टिपते, आणि ती रात्र साथीची असेल तर शहर रिकामे दिसते.

खरी गंमत दुसऱ्या क्रमांकाची आहे. पुणे आणि नागपूर यांच्यातील हा वाद नुसता अभिमानाचा नाही, त्याला आकडेवारीचा आधार आहे, आणि तो दोन्ही बाजूंना आहे.

१९५१ मध्ये महापालिका हद्दीत पुणे ४ लाख ८१ हजारांचे होते, नागपूर ४ लाख ४९ हजारांचे. १९६१ मध्ये नागपूर ६ लाख ४० हजारांच्या पुढे गेले आणि पुणे ६ लाखांच्या आसपास राहिले. १९७१ मध्ये नागपूर ८ लाख ६६ हजार, पुणे ८ लाख ५६ हजार. १९८१ मध्ये १२ लाख १९ हजार विरुद्ध १२ लाख ३ हजार. १९९१ मध्ये १६ लाख २५ हजार विरुद्ध १५ लाख ६७ हजार. म्हणजे महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यानंतरची पहिली तीस वर्षे, महापालिकेच्या हद्दीनुसार राज्यातील दुसरे शहर नागपूर होते. आज साठी ओलांडलेल्या एखाद्या नागपूरकराने शाळेत ‘मुंबई, नागपूर, पुणे’ असा क्रम पाठ केला असेल, तर त्याची आठवण त्याला फसवत नाही.

मग पुण्याच्या बाजूचे काय? पुणे हे कधीच एका पालिकेत मावलेले शहर नव्हते. पेशवाईच्या पेठांना लागून इंग्रजांनी लष्कर वसवले. पुणे आणि खडकी या दोन छावण्यांचा कारभार कटक मंडळांकडे राहिला, आणि तिथले रहिवासी महापालिकेच्या आकड्यात कधीच धरले गेले नाहीत. पलीकडे देहूरोडची छावणी. लष्करात राहणारा माणूस कोणी विचारले तर ‘पुण्याचा’ असेच सांगणार, पण जनगणनेच्या तक्त्यात त्याची ओळ वेगळी. नागपूरची वस्ती मात्र बऱ्याच अंशी एकाच हद्दीत होती. कामठीची छावणी शहरापासून अंतर राखून होती. १९७१ पासून जनगणनेने ‘नागरी समूह’ ही संकल्पना वापरात आणली. सलग पसरलेली वस्ती, मग तिचा कारभार कितीही संस्थांत विभागलेला असो, एकत्र मोजायची. या पद्धतीने १९७१ मध्येच पुणे ११ लाखांच्या पुढे होते आणि नागपूर सव्वानऊ लाखांच्या थोडे वर. दोन्ही आकडे त्याच जनगणनेचे, आणि दोन्ही अधिकृत.

ही तांत्रिक बाब वाटते, पण तिच्यावर पैसे अवलंबून असतात. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांचा घरभाडे भत्ता शहराच्या वर्गावर ठरतो, आणि तो वर्ग नागरी समूहाच्या लोकसंख्येवर. सर्वांत वरच्या वर्गासाठी ५० लाखांची अट आहे. २०११ मध्ये पुणे नागरी समूह साडेपन्नास लाखांच्या आसपास भरला, म्हणजे उंबरठा जेमतेम ओलांडला गेला. पिंपरी-चिंचवड त्यातून वजा केले असते, तर पुण्यातल्या टपाल कार्यालयापासून आयकर विभागापर्यंत प्रत्येकाच्या पगारपत्रकात फरक पडला असता.

पिंपरी-चिंचवडची कथा तर स्वतंत्र प्रकरणाची आहे. १९५४ मध्ये पिंपरीच्या माळरानावर हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा पेनिसिलिनचा कारखाना उभा राहिला. साठच्या दशकात औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत आली, मोटारी आणि यंत्रांचे कारखाने आले. १९७० मध्ये पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी या गावांची मिळून नगरपालिका झाली आणि १९८२ मध्ये महापालिका. १९९१ ला ५ लाख १७ हजार, २००१ ला दहा लाखांवर, २०११ ला १७ लाखांवर. वीस वर्षांत तिपटीहून अधिक! तरीही बाहेरगावच्या माणसाच्या तोंडी हे नाव सहज येत नाही, कारण त्याच्या लेखी ते पुणेच असते. प्रश्नमंजूषेत पाचवे नाव चुकते ते यामुळे.

आता सोलापूर. या यादीत सर्वांत जास्त अन्याय कोणावर झाला असेल तर तो या शहरावर.

१८७७ मध्ये येथे पहिली कापडगिरणी सुरू झाली, जिला पुढे सगळे सोलापूर ‘जुनी गिरणी’ म्हणू लागले. दुष्काळी मुलखातून आणि तेलंगणातून विणकर, कामगार येत राहिले. मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू या चार भाषा एकाच गल्लीत ऐकू याव्यात अशी वस्ती घडली. १९०१ मध्ये ७५ हजारांचे असलेले सोलापूर पन्नास वर्षांत अडीच लाखांच्या पुढे गेले. १९३० च्या सत्याग्रहात ज्या शहरावर इंग्रजांनी मार्शल लॉ लादला आणि ज्याचे चार हुतात्मे १९३१ मध्ये फासावर गेले, ते हेच गिरणगाव. आजच्या महाराष्ट्राचा प्रदेश डोळ्यांसमोर ठेवला तर १९५१ पासून १९८१ पर्यंतच्या प्रत्येक जनगणनेत मुंबई, पुणे, नागपूर यांच्यानंतरचे चौथे नाव सोलापूरचेच होते. १९८१ मध्ये येथे ५ लाखांहून अधिक लोक राहत होते. त्याच वेळी ठाणे शहर सव्वातीन लाखांच्याही आत होते.

दहा वर्षांनी, १९९१ च्या यादीत सोलापूर सातवे झाले.

त्या दशकात सोलापूर ओस पडले नव्हते. उलट लोकसंख्या ६ लाखांवर गेली होती. गिरण्यांची घरघर लागली होती हे खरे, आणि त्यामुळे वाढीचा वेग मंदावला हेही खरे. पण तीन पायऱ्या एकदम खाली येण्याचे मोठे कारण दुसरीकडे, मंत्रालयातील अधिसूचनांत सापडते. १९८२-८३ या दीड वर्षाच्या आत ठाणे, नाशिक, पिंपरी-चिंचवड, औरंगाबाद, अमरावती आणि कल्याण या महापालिका अस्तित्वात आल्या. ठाण्यात भोवतालची अनेक गावे आली. नाशिकमध्ये जुने नाशिक, नाशिकरोड-देवळाली, सातपूर आणि आसपासची खेडी एकत्र झाली. कल्याणच्या महापालिकेत डोंबिवली, अंबरनाथ आणि बदलापूरही घातले गेले, म्हणून १९९१ मध्ये कल्याण दहा लाखांचे, राज्यातील चौथे शहर दिसते. अंबरनाथ आणि बदलापूर लगेच नव्वदच्या दशकात वेगळे झाले आणि १९९१ चे ते ‘कल्याण’ पुढच्या यादीत त्या रूपात उरलेच नाही.

सोलापूरची हद्द वाढली ती १९९२ मध्ये, म्हणजे गणना आटोपल्यावर. २००१ मध्ये सोलापूर आणि औरंगाबाद प्रत्येकी सुमारे ८ लाख ७३ हजारांवर, जवळपास बरोबरीत होते. २०११ मध्ये औरंगाबाद पावणेबारा लाखांवर पोहोचले आणि सोलापूर साडेनऊ लाखांवर थांबले. ही पीछेहाट मात्र कागदी म्हणता येत नाही. वाळूजचे कारखाने आणि सोलापूरचे बंद यंत्रमाग ही त्या दोन आकड्यांमागची वस्तुस्थिती आहे.

तरीही अकरावा क्रमांक पूर्ण सत्य सांगत नाही. २०११ च्या पहिल्या दहांत ठाणे, कल्याण-डोंबिवली आणि नवी मुंबई आहेत, आणि हे तिन्ही बृहन्मुंबई नागरी समूहाचे भाग आहेत. पिंपरी-चिंचवड पुण्यात मोजले जाते. नागरी समूहांची यादी घेतली तर क्रम असा लागतो: मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक, वसई-विरार, औरंगाबाद आणि सातवे सोलापूर. चौथ्या क्रमांकावर नाशिक सांगणारा परीक्षार्थी या यादीने बरोबर ठरतो. उत्तरपत्रिकेत मात्र त्याला गुण मिळत नाहीत.

वसई-विरारचे उदाहरण आणखी बोलके आहे. २००१ च्या यादीत या नावाचे शहर शोधून सापडणार नाही. वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर अशा चार नगरपालिका होत्या. २००९ मध्ये त्या आणि भोवतालची गावे मिळून महापालिका झाली, आणि दोनच वर्षांनी १२ लाख २२ हजारांसह ती थेट आठव्या क्रमांकावर अवतरली. त्या गावांतील अनेकांनी समावेशाला विरोध केला, आंदोलने झाली, न्यायालयीन लढे झाले. कल्याणजवळच्या २७ गावांचे प्रकरण तर त्याहून जुने. १९८३ ला आत, २००२ ला बाहेर, २०१५ ला पुन्हा आत. २००१ ते २०११ या काळात कल्याण-डोंबिवलीची लोकसंख्या जेमतेम ५० हजारांनी वाढलेली दिसते. ज्याने त्या दशकात डोंबिवलीची सकाळची लोकल पकडली असेल, त्याला हा आकडा हास्यास्पद वाटेल. मधल्या काळात २७ गावे वजा झाली होती, एवढेच.

२०२१ ची जनगणना झालीच नाही. त्यामुळे आज जे कोणी हा प्रश्न विचारतात, ते २०११ चीच उत्तरे बरोबर धरतात, आणि महापालिकांतील नगरसेवकांची संख्याही त्याच जुन्या आकड्यांवर बेतली जाते. पुढील गणनेसाठी १ मार्च २०२७ हा संदर्भदिन जाहीर झाला आहे. मधल्या काळात पुण्याच्या हद्दीत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे आली, पनवेलची महापालिका झाली, औरंगाबादचे नाव छत्रपती संभाजीनगर झाले. २०१७ मध्ये पुण्यात आलेल्या गावांपैकी फुरसुंगी आणि उरुळी देवाची यांची २०२४ मध्ये स्वतंत्र नगरपरिषद करण्यात आली. कचरा डेपोमुळे वर्षानुवर्षे महापालिकेशी झगडलेली ही दोन गावे सात वर्षे पुणे शहरात होती, पण त्या सात वर्षांत एकही जनगणना झाली नाही. त्यामुळे कोणत्याही यादीत तिथला एकही माणूस पुणे महापालिकेच्या आकड्यात कधी मोजला गेलेला नाही.