डब्यातली तारीख

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

दिवाळीची आवराआवर निघाली की आमच्या अकोल्याच्या घरी सर्वांत शेवटी औषधांचा डबा उघडला जायचा. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. त्यात अर्धवट राहिलेली गोळ्यांची पाकिटे, मागून गुंडाळत आणलेली मलमाची ट्यूब आणि नाव पुसट झालेली एखादी बाटली. आई एकेक पाकीट खिडकीच्या उजेडात धरून तारीख शोधायची आणि म्हणायची, "दोनच महिने तर झालेत! एवढ्यानं काय होतंय?" त्यावर वडील म्हणायचे, "टाकून दे, विष झालं असेल त्याचं." वाद दरवर्षी तोच. ट्यूब मात्र दरवर्षी डब्यात परत जायची.

वडिलांच्या भीतीला आधार अजिबात नव्हता असे नाही. १९६३ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी काही रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. जुन्या, खराब झालेल्या टेट्रासायक्लिनच्या गोळ्या घेतल्यावर त्यांना मळमळ, तहान आणि वारंवार लघवीचा त्रास सुरू झाला. मूत्रपिंडावर परिणाम झाला होता. गोळ्या थांबवल्यावर तो ओसरला. उष्णतेत आणि दमट हवेत त्या औषधाचे रूपच पालटले होते. पुढे त्या गोळ्यांची घडणही बदलण्यात आली. पण 'मुदत संपली की औषध विषारी' या समजुतीमागे आजही बहुतेक वेळा याच एका औषधाचे उदाहरण सांगितले जाते. बहुतेक जुनी औषधे विषारी होत नाहीत, ती दुबळी होतात. धोका असतो तो त्या दुबळेपणात.

औषधाला आयुष्य असते ही कल्पना आपल्याकडे जुनीच. शार्ङ्गधर संहितेत चूर्णाचा गुण दोन महिन्यांनी उतरतो, गोळी आणि अवलेह यांचा वर्षाने, असा हिशेब आहे. उलट आसवे आणि धातूंची भस्मे जुनी होतील तशी गुणकारी ठरतात, असेही म्हटले आहे. त्यातले सगळेच आजच्या कसोटीला उतरेल असे मी म्हणत नाही. पण वनस्पती तीच असली तरी तिचे चूर्ण केले की आयुष्य निराळे आणि गोळी केली की निराळे, हे निरीक्षण मला फार शहाणपणाचे वाटते.

आधुनिक काळात हा प्रश्न कायद्याकडे गेला. निकृष्ट आणि कमी ताकदीची औषधे देशात किती येतात, बनतात आणि विकली जातात, हे पाहण्यासाठी १९३० साली कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्यातूनच पुढे १९४० चा औषध कायदा आणि १९४५ चे नियम आले. वेष्टनावर नुसता महिना आणि वर्ष छापलेले असेल, तर त्या महिन्याच्या अखेरच्या दिवसापर्यंत औषध चालते, असे हे नियम सांगतात. साठवणुकीची 'थंड जागा' म्हणजे १० ते २५ अंश सेल्सियस, हेही त्यातच आहे. मे महिन्यातल्या अकोल्यात अशी जागा कोणी दाखवावी!

तारीख उलटली म्हणजे औषध संपले का, याचा मोठा तपास अमेरिकेत झाला, तोही खर्चापायी. तिथल्या सैन्याच्या गोदामांत कोट्यवधी डॉलरची औषधे मुदत संपून फेकायची वेळ येई. १९८० च्या दशकाच्या मध्यावर सैन्याने सरकारी औषध प्रशासनाकडून त्यांची तपासणी सुरू करून घेतली. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या आकड्यांनुसार १२२ औषधांचे ३,००५ साठे तपासले गेले आणि त्यांतल्या ८८ टक्क्यांची मुदत किमान एक वर्षाने वाढवता आली. आईने हे वाचले असते तर वडिलांची धडगत नव्हती. पण हे साठे सीलबंद होते, ठरावीक तापमानात ठेवलेले होते. शिवाय एकाच औषधाच्या दोन साठ्यांतही फरक पडत होता. फ्रिजवरच्या पत्र्याच्या डब्याला हा दाखला लागू पडत नाही.

ते आम्हाला फार वेगळ्या रीतीने कळले. वडिलांना छातीत कळ येई, म्हणून डॉक्टरांनी जिभेखाली ठेवायची नायट्रोग्लिसरीनची गोळी दिली होती. डायनामाइटमध्ये असते तेच हे द्रव्य. विल्यम मरेल या इंग्रज डॉक्टरने १८७९ साली ते हृदयशूळावर वापरल्याचे प्रसिद्ध केले होते. वडिलांनी चार गोळ्या कागदाच्या पुडीत बांधून सदऱ्याच्या खिशात ठेवल्या; बाटली वाजते म्हणून! एका दुपारी कळ आली. एक गोळी ठेवली, थोड्या वेळाने दुसरी ठेवली. काही फरक नाही. शेजारच्या काकूंकडे तीच गोळी बंद बाटलीत होती. ती दिल्यावर कळ जरा उतरली आणि आम्ही त्यांना रिक्षात घालून इस्पितळात नेले. नंतर मी घरची बाटली पाहिली. मुदत संपायला सात महिने बाकी होते.

हे द्रव्य गोळीतून उडून जाते. कागद, कापूस, प्लॅस्टिक त्याला शोषून घेतात. म्हणूनच ती मूळच्या काचेच्या बाटलीत, झाकण घट्ट लावून ठेवायची असते. छापलेली तारीख म्हणजे न उघडलेल्या, सांगितल्याप्रमाणे ठेवलेल्या औषधाबद्दल कंपनीने दिलेला शब्द. आपण पुडी बांधली, तिथेच तो शब्द संपला.

मलमांचेही तसेच. व्हॅसलीनसारख्या नुसत्या स्निग्ध बैठकीचे मलम बरेच टिकते. क्रीममध्ये पाणी असते. ते फाटते आणि त्यात जंतू वाढू शकतात. डोळ्यांत घालायचे थेंब एकदा उघडले की बहुतेक एका महिन्यात टाकायचे, मग तारीख पुढच्या वर्षाची का असेना. इन्सुलिन, हृदयाची गोळी, प्रतिजैविके यांच्या बाबतीत जुन्यावर भागवू नये. उघडल्यावर ॲस्पिरिनला व्हिनेगरसारखा वास आला तर ती विघटित होऊ लागली आहे, एवढे नाकालाही कळते.

त्या दिवाळीत डबा उघडला तेव्हा वाद झाला नाही. आईने ती ट्यूब आपण होऊन बाजूला काढली. नव्या औषधांवर ती बॉलपेनने उघडल्याची तारीख लिहू लागली आणि डबा फ्रिजवरून काढून मधल्या खोलीतल्या भिंतीच्या कपाटात गेला. वडिलांच्या खिशात मात्र शेवटपर्यंत काचेची बाटली वाजत असे.