निवेदकाच्या कानातील आवाज : एका तारेचा इतिहास 🧵

१/११
२२ नोव्हेंबर १९६३. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांच्यावर डॅलस येथे गोळ्या झाडल्या गेल्या. न्यूयॉर्कमधील एनबीसीच्या स्टुडिओत फ्रँक मॅक्गी कानाशी टेलिफोन धरून बसले होते. दुसऱ्या टोकाला, डॅलसमध्ये, वार्ताहर रॉबर्ट मॅकनील होते. त्यांचा आवाज प्रक्षेपणाला जोडताना मात्र तंत्रज्ञांची तारांबळ उडाली.

२/११
तेव्हा मॅकनील एकेक वाक्यखंड सांगत आणि मॅक्गी तो प्रेक्षकांसाठी पुन्हा उच्चारत. बातमी हाती होती, माणसेही जागेवर होती. अपुरी पडली ती आवाजाची वाट. पडद्यावर कधीही न दिसणाऱ्या या वाटेचा इतिहास टेलिफोनपासून सुरू होतो.

३/११
आरंभीच्या प्रत्येक टेलिफोनला स्वतःची बॅटरी लागे. १८९० च्या दशकात अमेरिकेत ‘सामाईक बॅटरी’ची पद्धत रुजू लागली. वीज एक्स्चेंजमधून येई आणि आवाजही त्याच दोन तारांवरून प्रवास करी. स्टुडिओतील इंटरकॉमचे बीज या कल्पनेत आहे.

४/११
कार्बन मायक्रोफोनमधील कण बोलण्याच्या दाबाने घट्ट-सैल होतात. त्यामुळे विद्युत्‌रोध बदलतो आणि वाहत्या प्रवाहावर आवाजाची लहर उमटते. बॅटरी लाइनला थेट जोडली, तर ही लहर बॅटरीतच विरून जाईल. म्हणून मध्ये तारेचे वेटोळे बसवतात. ते एकदिश प्रवाहाला वाट देते, आवाजाला अडवते.

५/११
टेलिव्हिजन आला तेव्हा स्टुडिओंनी हीच पद्धत उचलली. कॅमेरामनच्या हेडसेटच्या तारा कॅमेऱ्याच्या जाड केबलमधूनच जात. दिग्दर्शकाची एक सूचना सर्वांना एकाच वेळी ऐकू येई. या सामाईक लाइनला ‘पार्टी लाइन’ हे टेलिफोनच्या जगातलेच नाव मिळाले.

६/११
पुढचे वळण अनपेक्षित ठिकाणी आले : सॅन फ्रान्सिस्कोतील रॉक संगीताच्या मैफलींत. त्या गदारोळात जुने हेडसेट निरुपयोगी ठरत. १९६८ मध्ये चार्ली बटन आणि बॉब कोहेन यांनी ‘क्लिअर-कॉम’ची स्थापना केली. त्यांच्या आरएस-१०० या बेल्टपॅकमध्ये, म्हणजे कमरेच्या पट्ट्याला अडकवायच्या पेटीत, स्वतंत्र अ‍ॅम्प्लिफायर होता.

७/११
या योजनेची खुबी केबलमध्ये होती. नेहमीची तीन पिनांची मायक्रोफोन केबल : पहिल्या पिनवर सामाईक परतवाट, दुसरीवर सुमारे ३० व्होल्ट वीज, तिसरीवर आवाज. कोणत्याही नाट्यगृहात आधीच पडून असलेल्या केबलवर संपूर्ण यंत्रणा उभी राहू शकली.

८/११
मात्र शिस्त हवी. लाइनच्या एकाच ठिकाणी सुमारे २०० ओहमचा रोध जोडलेला असावा लागतो. तो दोन ठिकाणी जोडला गेला, तर आवाज क्षीण होतो. मुळीच नसला, तर लाइन शिट्टी मारू लागते. केबल जितकी लांब आणि बेल्टपॅक जितके अधिक, तितका शेवटच्या माणसापर्यंत पोहोचणारा विद्युत्‌दाब कमी.

९/११
निवेदकाची गरज निराळी. त्याला कार्यक्रम ऐकू यावा, परंतु दिग्दर्शकाने कळ दाबताच कार्यक्रम मागे हटून सूचना पुढे यावी. ही व्यवस्था म्हणजे आयएफबी, अर्थात ‘इंटरप्टिबल फोल्डबॅक’. एका प्रचलित रचनेत वीज आणि खंडित होणारा ध्वनी एकाच वाहकावरून जातात, तर दुसऱ्या वाहकावर कार्यक्रम अखंड चालू राहतो.

१०/११
उपग्रह आल्यावर नवा पेच उद्भवला. भूस्थिर उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो. तेथे जाऊन परतताना आवाजाला सुमारे पाव सेकंद उशीर होतो. स्वतःचाच आवाज इतक्या उशिरा कानी पडला, की निवेदकाची जीभ अडखळते. उपाय ‘मिक्स-मायनस’ : कानात सर्व ध्वनी, फक्त स्वतःचा वगळून.

११/११
एका तारेवर सर्वांची वीज असणे ही सोय आहे आणि जोखीमही. मुख्य पुरवठा तुटला, की त्या लाइनवरील सारा चमू एकाच क्षणी बहिरा होतो. आज आवाज आकडेरूपाने संगणकी जाळ्यांतून धावतो. तरीही इथरनेट केबलवरून वीज पुरवण्याची, २००३ मध्ये प्रमाणित झालेली पद्धत पाहिली, की जुन्या एक्स्चेंजची आठवण होते : वीज केंद्रातून, आणि आवाज त्याच केबलमधून. १९६३ च्या त्या दुपारी मॅक्गींना हाताने कानाशी धरावी लागलेली वाट आज निवेदकाच्या कानात, बोंडाएवढ्या श्रवणिकेत सामावली आहे. पडद्यावरचा त्याचा शांतपणा अंशतः त्या तारेचा असतो.