रोज तीन चांगल्या गोष्टी लिहिल्याने खरंच तब्येत सुधारते का? कृतज्ञतेबद्दल संशोधन काय सांगतं?

इन्स्टाग्राम उघडलं की 'ग्रॅटिट्यूड जर्नल'वरचं एखादं रील हमखास दिसतं. सकाळी उठा, वही उघडा, आयुष्यातल्या तीन चांगल्या गोष्टी लिहा आणि बघा सगळं कसं बदलतं! काही जण लगेच नवी वही घेतात, काही जण हसून पुढे स्क्रोल करतात. पण या विषयावर मानसशास्त्रज्ञ वीसहून जास्त वर्षं काम करत आहेत. त्यांच्या हाती काय लागलं, ते समजून घेऊया.

कृतज्ञता म्हणजे नेमकं काय?

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट एमन्स कृतज्ञतेचे दोन भाग सांगतात. पहिला, आपल्या आयुष्यात काहीतरी चांगलं आहे हे ओळखणं. दुसरा, त्यातलं बरंचसं इतरांमुळे मिळालं आहे हे मान्य करणं. आपल्याकडे बैलपोळ्याला बैलांना कामातून सुट्टी देऊन, सजवून पुरणपोळी खाऊ घालतात, त्यामागे हीच भावना आहे.

सुरुवात कुठून झाली?

2003 मध्ये एमन्स आणि मायकल मॅकलॉ यांनी एक गाजलेला अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या पहिल्या प्रयोगात विद्यार्थ्यांचे तीन गट केले होते. एका गटाने दर आठवड्याला ज्यांबद्दल कृतज्ञ वाटतं अशा गोष्टी लिहिल्या, दुसऱ्याने कटकटी लिहिल्या आणि तिसऱ्याने आठवड्यातल्या कुठल्याही घटना. दहा आठवड्यांनी पहिला गट आयुष्याबद्दल जास्त समाधानी आणि आशावादी दिसला. त्यांच्या शारीरिक तक्रारीही कमी होत्या. कटकटी लिहिणाऱ्यांपेक्षा त्यांनी व्यायामही जास्त केला.

याच अभ्यासात स्नायू आणि नसांचे आजार असलेल्या प्रौढांवरही 21 दिवसांचा प्रयोग झाला. रोज कृतज्ञतेच्या नोंदी करणाऱ्यांना झोप जास्त मिळाली आणि उठल्यावर ताजंतवानं वाटलं, असं त्यांनी स्वतः सांगितलं.

2005 मध्ये मार्टिन सेलिग्मन आणि सहकाऱ्यांनी 'तीन चांगल्या गोष्टी' हा व्यायाम तपासला. आठवडाभर रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी आणि त्या का घडल्या, हे लिहायचं. त्याचा परिणाम सहा महिन्यांपर्यंत टिकलेला दिसला. ज्यांचे आभार मानायचे राहून गेले, त्यांना पत्र लिहून ते स्वतः नेऊन देण्याचा परिणाम सुरुवातीला सगळ्यात मोठा होता, पण काही महिन्यांत ओसरला.

आयुष्य वाढतं का?

2024 मध्ये 'जामा सायकिअॅट्री' या नियतकालिकात 49,275 वयस्कर अमेरिकन नर्सेसचा अभ्यास आला. ज्यांची कृतज्ञतेची पातळी सर्वांत वरच्या गटात होती, त्यांच्यात पुढच्या साधारण तीन वर्षांत मृत्यूचा धोका सर्वांत खालच्या गटापेक्षा 9 टक्के कमी होता. मात्र हा निरीक्षणावर आधारित अभ्यास आहे. म्हणजे दोन गोष्टी एकत्र दिसल्या, पण एकीमुळेच दुसरी घडली असं यातून सिद्ध होत नाही. तब्येत बरी असेल तर कृतज्ञ वाटणंही सोपं जातं. संशोधकांनी आधीचे आजार हिशोबात धरले होते, तरी ही शंका पूर्ण मिटत नाही.

हे काम कसं करतं?

आपलं मन चांगल्याला लवकर सरावतं. नव्या फोनचं कौतुक महिनाभरात संपतं, पण ऑफिसमधला एक टोमणा दोन दिवस डोक्यात राहतो. लिहायला बसलं की सवयीने न दिसणाऱ्या गोष्टींकडे मुद्दाम लक्ष जातं. रात्री पडल्या पडल्या चालणारं काळजीचं चक्र थोडं सैल होतं, म्हणून झोपेला मदत होत असावी.

मर्यादा काय आहेत?

2020 मध्ये ओहायो स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी 27 अभ्यास एकत्र तपासले. त्यात सुमारे 3,700 लोक होते. नैराश्य आणि चिंतेच्या लक्षणांवर अशा व्यायामांचा परिणाम अगदी थोडा निघाला. त्यामुळे कृतज्ञतेची वही औषधांची किंवा समुपदेशनाची जागा घेऊ शकत नाही.

दुसरा धोका आपल्या घरात जास्त ओळखीचा आहे. 'जे आहे त्यात समाधान मान', 'नोकरी आहे हेच नशीब समज' ही वाक्यं बहुतेक वेळा गप्प बसवायला वापरली जातात. त्रास देणारं नातं, थकलेला पगार किंवा घरातली मारहाण यांवर कृतज्ञता हा उपाय नाही. कृतज्ञ वाटणं आणि अन्यायाविरुद्ध बोलणं, दोन्ही एकाच वेळी शक्य आहे.

करून बघायचं असेल तर?

- नेमकं लिहा. 'कुटुंब' असं लिहिण्यापेक्षा 'ताप होता तेव्हा वहिनीने पेज करून दिली' असं लिहा.
- रोजचा हट्ट नको. एका प्रयोगात आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फायदा झाला, तीनदा लिहिणाऱ्यांना तो दिसला नाही. यांत्रिक वाटू लागलं तर थांबा.
- समोरच्याला सांगा. अमित कुमार आणि निकोलस एपली यांच्या 2018 च्या अभ्यासात दिसलं, की आभाराचं पत्र लिहिणाऱ्यांना समोरचा अवघडेल असं वाटत होतं. प्रत्यक्षात तो कमी अवघडला आणि अपेक्षेपेक्षा जास्त खूश झाला. आपल्याकडे घरच्यांना 'धन्यवाद' म्हणणं परकं वाटतं. मग 'तू होतीस म्हणून निभावलं' एवढं म्हटलं तरी पोचतं.
- जबरदस्ती नको. दुःखात असलेल्या माणसाला 'चांगलं बघ' असं सांगण्याआधी त्याचं ऐकून घ्या.

दोन आठवड्यांहून जास्त काळ उदास वाटत असेल, झोप किंवा भूक बिघडली असेल, तर डॉक्टरांना भेटा. केंद्र सरकारच्या 'टेली मानस' या मोफत हेल्पलाइनवर 14416 या क्रमांकावर चोवीस तास बोलता येतं, मराठीतूनही. स्वतःला संपवण्याचे विचार येत असतील, तर वाट न बघता आत्ताच फोन करा.