उलटा आकडा, सुलटा आकडा

पुण्याहून नाशिकच्या रस्त्याने मंचर मागे पडले, आंबेगावची हद्द संपली की जुन्नर तालुका लागतो. या तालुक्यात आकडे जपून ठेवण्याच्या दोन जागा आहेत. एक नाणेघाट, दुसरी खोडद. मधे दोन हजार वर्षे गेली, पण दोन्हीकडे अडचण एकच. लिहिणाऱ्याने आकडा कोणत्या रीतीने ठेवला, हे वाचणाऱ्याला ठाऊक हवे.

नाणेघाटातला ब्राह्मी लेख सातवाहन राणी नागनिकेचा मानला जातो. यज्ञांत दिलेल्या दानांची ती यादी आहे. त्यात शून्य नाही, आजची एकं-दहं-शतं ही पद्धतही नाही. २४,४०० लिहायचे तर वीस हजारांची खूण वेगळी, चार हजारांची वेगळी, चारशेची वेगळी. पंडित भगवानलाल इंद्रजींनी १८७६ मध्ये या अंकांवर निबंध लिहिला. त्यांनी नुसत्या खुणा ओळखल्या नाहीत, त्या मांडण्याची रीत ओळखली.

आपण काही फार सुसंगत आहोत असे समजू नका. आपण २५ लिहिताना दोन आधी लिहितो, पण म्हणतो ‘पंचवीस’. म्हणजे पाच आधी, वीस मागून. ‘एकशे पंचवीस’मध्ये तर शंभर आधी, मग पाच, मग वीस! उर्दू लिहिताना लेखणी उजवीकडून डावीकडे चालते आणि आकडा आला की डावीकडून उजवीकडे वळते. उर्दू वाचणाऱ्या घरांतून कुणाला याचे नवल वाटत नाही. हाताला सवय असते.

संगणकाच्या प्रोसेसरांना अशाच सवयी असतात. मोठा आकडा एका खणात मावत नाही, तो दोन किंवा चार खणांत विभागून ठेवावा लागतो. सन कंपनीचे स्पार्क प्रोसेसर मोठे टोक आधी ठेवत. इंटेलचे छोटे टोक आधी ठेवतात. दोन खणांत ठेवलेला १ दुसऱ्या रीतीच्या यंत्राने तसाच वाचला, तर तो २५६ होतो. १९८० साली डॅनी कोहेन या संगणकतज्ज्ञाने या दोन पक्षांना गलिव्हरच्या प्रवासातली नावे दिली. अंडे मोठ्या टोकाकडून फोडायचे की छोट्या, यावरून लढणारे ते लोक. नावे आजही टिकून आहेत. ‘एकशे पंचवीस’सारखी मिसळ मांडणी करणारे पीडीपी-११ नावाचे यंत्रही होऊन गेले.

क्रमाबरोबर जागेचाही प्रश्न येतो. प्रोग्रॅममध्ये काही किमती कधीच बदलायच्या नसतात. आपण लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत आणणारा दुभाषी म्हणजे कंपायलर. तो अशा किमती बहुधा ‘फक्त वाचा’ अशा वेगळ्या कप्प्यात ठेवतो. पण काही प्रोसेसरांवर छोट्या किमतींसाठी हाताशी एक लहान कप्पा असतो आणि त्या तिथे जातात. एव्हीआर जातीच्या बहुतेक चिपांवर प्रोग्रॅमची स्मृती वेगळी असते. नेहमीच्या आज्ञांना ती वाचता येत नाही, म्हणून न बदलणारी किंमतही चालू स्मृतीत उतरवून घ्यावी लागते.

जीसीसी हा मोफत कंपायलर १९८७ पासून जगभरचे लोक मिळून वाढवत आले आहेत. पुण्याच्या केपीआयटी कमिन्समधल्या अभियंत्यांनीही रेनेसास कंपनीच्या प्रोसेसरांसाठी त्यावर आधारलेली साधने तयार केली. नवा प्रोसेसर आला की हजारो छोट्या चाचण्या चालवतात. त्यातली एखादी विचारते, ‘किंमत अमुक कप्प्यात आहे का?’ ती तिथे नसते, चाचणी नापास होते, आणि प्रोग्रॅम मात्र बिनचूक चालत असतो. मग चाचणीला सांगावे लागते की, बाई, या घरी मीठ दुसऱ्या डब्यात असते. काही जण अशा वेळी त्या प्रोसेसरपुरती चाचणीच गाळून टाकतात. मला ते पटत नाही. डबा बदलला म्हणून मीठ आहे की नाही हे बघणेच सोडायचे का?

खोडदला हे कळीचे ठरते. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या जीएमआरटी दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या इथे आणि आसपास पसरल्या आहेत. आकाशातून येणाऱ्या अतिक्षीण रेडिओ लहरींचे इथे आकडे होतात. २०१० च्या सुमारास इथे बाजारात मिळणाऱ्या साध्या संगणकांचा समूह जोडून ते हिशेब करण्याची व्यवस्था उभी राहिली. पण निरीक्षण करणारा शास्त्रज्ञ असतो पुण्यात, नाहीतर हॉलंडमध्ये. त्याच्या टेबलावर कोणते यंत्र आहे हे खोडदला काय ठाऊक? म्हणून आकडे ‘फिट्स’ नावाच्या साच्यात घालून देतात. १९७९ पासून खगोलशास्त्रज्ञांनी घडवलेला हा साचा. त्यात मोठे टोक आधी, मग यंत्र कुणाचेही असो.

हे आकडे सोडवायला अनेक वर्षे वापरात असलेली एप्स ही अमेरिकी प्रणाली नव्या यंत्रावर चढवली की तिची एक परीक्षा होते. नाव डीडीटी, डासांशी संबंध नाही! ठरलेली निरीक्षणे सोडवायची आणि आलेले चित्र जपून ठेवलेल्या मूळ चित्राशी ताडून पाहायचे. दशांशाच्या शेवटच्या घरांत प्रत्येक प्रोसेसर थोडा वेगळा वागतो. म्हणून ही परीक्षा ‘तंतोतंत जुळले का’ एवढेच विचारत नाही, किती बिटांपर्यंत जुळले ते मोजते. हे मोजमाप मला फार शहाणपणाचे वाटते. यंत्राची सवय तेवढी माफ, पण चुकीला माफी नाही. ती माफ झाली तर नसलेला तारा दिसेल, किंवा असलेला हरवेल.

जीएमआरटीची २००२ पासूनची निरीक्षणे संग्रहात ठेवलेली आहेत. स्पार्क यंत्रे टेबलांवरून गेली, आज बहुतेक ठिकाणी छोटे टोक आधी ठेवणारे प्रोसेसर आहेत. तरी फिट्सचा साचा कुणी बदलला नाही. खोडदचा जुना आकडा उघडला की आजचा संगणक आधी तो उलटून घेतो, मग वाचतो.