हंगाम, हप्ता आणि पत : नव्या अभ्यासकांसाठी प्रस्तावना

बागलाणात मोसम नदीकाठचे नामपूर कांद्याच्या बाजार समितीमुळे ओळखले जाते. क्रेडिट कार्डाची थकबाकी आणि पतअंक यांचा अभ्यास हिंजवडीच्या आयटी कंपन्यांपासून नव्हे तर नामपूरपासून सुरू करा, असे मी या क्षेत्रात येणाऱ्यांना सुचवतो. ज्याचा पगार दर महिन्याच्या एक तारखेला खात्यात पडतो, त्याच्या बाबतीत पतअंकाचे गणित बरेचसे बिनबोभाट चालते. ज्याच्या हाती पैसा उन्हाळ कांदा चाळीतून निघाल्यावर येतो, त्याच्या बाबतीत ते अडते. कुठलीही मोजपट्टी समजून घ्यायची तर ती अडते तिथे उभे राहावे.

मोजपट्टीची ओळख थोडक्यात. सिबिल ही संस्था 2000 साली स्थापन झाली, पतमाहिती कंपन्यांचा कायदा 2005 चा. आज अशा चार कंपन्या आहेत, पण पहिलीचे नाव इतके रुळले की पतअंक कोणत्याही कंपनीचा असो, लोक ‘सिबिल खराब झालं’ असेच म्हणतात. अंक 300 ते 900 यांच्या दरम्यान असतो. हप्ते वेळेवर गेले का, कार्डाच्या मर्यादेपैकी किती वापरली, खाती किती जुनी आणि कर्जासाठी अलीकडे किती ठिकाणी अर्ज केले, या गोष्टींवर तो मुख्यतः ठरतो. माणूस कसा आहे, यंदा गारपीट झाली का, डाळिंबाच्या बागेवर तेल्या पडला का, यांसाठी त्यात रकाना नाही.

कार्डाच्या थकबाकीवर मात्र सावकाश थांबायला हवे, कारण बहुतेक चुका इथेच होतात. समजा, 50 हजार रुपये थकले आहेत आणि व्याज महिना साडेतीन टक्के आहे. महिन्याचे व्याज 1,750 रुपये. त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे आणखी 315. बिलावरची किमान रक्कम 2,500 धरली, तर ती भरून मुद्दल कमी होते अवघे 435 रुपयांनी. किमान रक्कम भरणाऱ्याची नोंद स्वच्छ राहते, खिसा राहत नाही. शिवाय मागचे बिल पूर्ण फेडले नसेल तर नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. म्हणून हाती आलेला जादा पैसा आधी कार्डावर टाकावा, हा सल्ला अंकासाठी जितका खरा तितकाच व्याजासाठीही. मर्यादेच्या 30 टक्क्यांच्या आत वापर ठेवावा, असे बँकवाले सांगतात. आणखी एक बारकावा असा, की पतमाहिती कंपनीकडे सहसा बिल निघतानाची बाकी कळवली जाते, म्हणून बिल निघण्याआधीच काही रक्कम भरली तर अहवालात वापर कमी दिसतो. वापराचा डाग असा काही महिन्यांत निघतो. चुकलेल्या तारखेचा वर्षानुवर्षे राहतो. ‘सेटलमेंट’ करून अर्ध्यात सुटका झाल्यासारखी वाटते, पण अहवालात तशीच नोंद राहते आणि पुढचा कर्ज देणारा ती वाचतो.

व्याजाची ही चढण पाहून इतिहासाकडे वळावेसे वाटते. जुन्या हिंदू कायद्यातला दामदुपटीचा नियम मुंबई इलाख्यातली न्यायालये मानत असत : एका वेळी वसूल करायचे व्याज मुद्दलापेक्षा जास्त असता कामा नये. 1875 मध्ये सुप्यापासून पेटलेल्या दख्खनच्या दंग्यात शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली, आणि 1879 मध्ये शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. 1904 च्या कायद्याने सहकारी पतसंस्था आल्या. तरी 1951-52 च्या ग्रामीण पतपाहणीत शेतकऱ्यांच्या कर्जात सहकाराचा वाटा 3.1 टक्केच निघाला. आजचे चित्र याहून विचित्र आहे. महाराष्ट्राच्या 2014 च्या कायद्याखाली परवानाधारक सावकाराला बिगरशेती, विनातारण कर्जावरही वर्षाला 18 टक्क्यांवर व्याज घेता येत नाही. कार्डाचा दर त्याच्या दुपटीच्या पुढे सहज जातो. 30 टक्क्यांवरचे व्याज अनुचित ठरवणारा राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा 2008 चा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2024 मध्ये रद्द केला. यातून सावकार बरा असा निष्कर्ष कोणी काढू नये. विनापरवाना सावकाराचे दर कोणत्याच कागदावर नसतात.

आता पुन्हा नामपूर. पीककर्जाच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेला हंगाम कळतो. अल्पमुदतीच्या पिकाचे कर्ज दोन हंगाम थकले तर ते अनुत्पादित ठरते, इतर कर्जांना मात्र 90 दिवस. गावच्या सोसायटीचे सभासद मार्चअखेर उसनवारी करून ‘नवं-जुनं’ करतात, म्हणजे जुने कर्ज भरून नवे उचलतात, ते याच चाकोरीत. कार्डाला ही सवलत नाही. देय तारखेनंतर तीन दिवस उलटले की खाते थकीत म्हणून कळवता येते. एकाच घरात वडिलांचे किसान क्रेडिट कार्ड हंगामावर चालते आणि मुलाचे खरेदीचे कार्ड तारखेवर. 8 डिसेंबर 2023 ला कांद्याची निर्यातबंदी झाली, ती 4 मे 2024 पर्यंत टिकली. भाव पडले, पण बिलाची तारीख सरकली नाही. त्या महिन्यांतली चूक अहवालात बेजबाबदारपणाच्या चुकीसारखीच दिसते. पीककर्जासाठी सिबिलचा आग्रह धरू नका, असे राज्याचे मुख्यमंत्री बँकांना बजावतात, त्यामागे हेच दुखणे आहे. मला तो उपाय अपुरा वाटतो, कारण ट्रॅक्टर, घर किंवा मुलीचे शैक्षणिक कर्ज मागताना तोच अहवाल पुन्हा समोर येतो.

हंगामी कमाईवाल्याने कार्ड वापरूच नये का? मी तसे म्हणत नाही. मर्यादा कमी ठेवून, कांदा विकला की पूर्ण फेडून आणि जुने खाते उगाच बंद न करता ते वापरता येते. हे किती जणांना साधते, ते मात्र मोजायला हवे.

ते मोजण्याचे काम तुमच्यासाठी आहे. नामपूरच्या आवकेचे आणि भावाचे आकडे पणन मंडळ रोज प्रसिद्ध करते. प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा मोफत मिळणाऱ्या अहवालात महिनावार भरणा दिसतो. आवक, भाव आणि चुकलेले महिने शेजारी मांडले, तर चुका कोणत्या महिन्यांत साचतात ते कळेल. पहिली नोंद संगणकावर बसून मिळते; दुसरी लोकांकडून मागावी लागेल, आणि ती देण्याआधी लोक तुम्हालाच चार प्रश्न विचारतील.